नव्वद हजारांचा कागद

वालूरमध्ये गाडी शिरली की माणसं आधी नंबर वाचतात, आत कोण बसलंय ते नंतर बघतात. एमएच-२२ म्हणजे परभणी, घरचीच. तिच्यासाठी कोणी मान वळवत नाही. एमएच-२६ नांदेडची, म्हणजे कुणाकडे तरी पाहुणे आलेत. एमएच-२१ जालन्याची, म्हणजे बियाण्यांच्या कंपनीचा माणूस असायचा संभव जास्त. पण एमएच-१२ किंवा एमएच-१४ दिसली की दोनच शक्यता उरतात. एक तर कोणी पुण्याहून बारव बघायला आलंय. आमच्या बारवेच्या पायऱ्या सरळ न उतरता गोल फिरत खाली जातात. गावकऱ्यांनी तिच्यातला गाळ आणि झुडपं काढली आणि तेव्हापासून बारवा शोधत हिंडणारी मंडळी कॅमेरे घेऊन यायला लागली. ही मंडळी संध्याकाळी परत जातात. एमएच-१२ रात्रीही गल्लीतच उभी राहिली आणि सकाळी तिच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक दिसलं, तर दुसरी शक्यता खरी: कुणाचं तरी सोयाबीन विकलं गेलं आणि घरात जुनी गाडी आली.

मग तपासणी समिती जमते. तीन-चार वडीलधारे, एक ट्रॅक्टरचा मेकॅनिक आणि आयुष्यात कधी कुठलीच गाडी न घेतलेला एक जाणकार. हा शेवटचा सर्वांत कडक. टायरला बुटाचं टोक लावून बघतात. दार उघडून धाडकन लावतात आणि आवाज ऐकतात. बॉनेट वर करून सगळे आत डोकावतात. आत काय बघायचं ते फक्त मेकॅनिकला माहीत असतं, आणि तो काही बोलत नाही. शेवटी प्रश्न येतो, "कितीला बसली?" उत्तर काहीही असो, निकाल ठरलेला: जास्त दिले. चार लाख सांगा, सव्वातीनला आली असती. तीन सांगा, अडीचचीच आहे. कुणी फुकट मिळाली म्हणून सांगितलं, तर जाणकार म्हणेल, वरून पेट्रोलचे पैसे मागायला पाहिजे होते.

अलीकडे या समितीपुढे एक नव्या जातीचं प्रकरण आलं. गल्लीतल्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याने संभाजीनगरच्या शोरूममधून जुनी स्विफ्ट आणली. सर्टिफाइड. सोबत प्लास्टिकच्या फायलीत तपासणीचा तक्ता, वॉरंटीचं कार्ड आणि मोफत सर्व्हिसिंगची कुपनं. किंमत ४ लाख ९० हजार. जाणकाराने तिथल्या तिथे मोबाईल काढून तेच मॉडेल, तेच साल, घरगुती विकणाऱ्याकडे ४ लाखांना शोधून दाखवलं. वजाबाकी पहिलीतल्या पोराला यावी अशी होती. "म्हणजे नव्वद हजार या कागदाचे!" त्या दिवसापासून फायलीचं नाव गल्लीत 'नव्वद हजारांचा कागद' असंच पडलंय. मालक ती फाईल आता कपाटात ठेवतो, सोन्याच्या पावत्यांशेजारी.

समितीतल्या म्हाताऱ्यांचा राग मला कळतो. त्यांनी उभ्या आयुष्यात बैल घेतले, आणि तपासणीचे पैसे कुणाला दिले नाहीत. लाल कंधारी असो की देवणी, जबडा उघडून दात बघायचे: दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरायचा. बघणाऱ्याला नुसता रुमाल हलताना दिसायचा. फसवाफसवी तेव्हाही होती. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, अंगाला तेल चोळून, वर झूल टाकली की तो लांबून चार दातीच दिसायचा. रबिंग-पॉलिश हे नाव तेव्हा नव्हतं, धंदा होता. मारका आहे का, बुजतो का, औतात बसकण मारतो का, हे मात्र दातात दिसत नाही. त्यासाठी विकणारा म्हणायचा, आठ दिवस धरून बघा, बसला तर माझ्या दारात आणून बांधा. ही वॉरंटी. तिला कागद नव्हता आणि कागदाचे पैसे नव्हते, कारण विकणारा चार कोसांवरचा होता आणि पुढच्या बाजारात तोंड लपवायला त्याला जागा नव्हती.

तर अशा मंडळींसमोर माझ्या भाच्याला दिवाळीत हजर व्हावं लागलं. भाचा संभाजीनगरलाच, पण दुसऱ्या एका शोरूमच्या जुन्या गाड्यांच्या विभागात कामाला आहे. त्याला चहा दिला, फरसाण दिलं आणि विचारलं, नव्वद हजारांचा हिशेब सांग.

"मामा, तुम्ही सगळे गाडीचे पैसे मोजायलात," तो म्हणाला. "आम्ही दिवस मोजतो."

त्याचं म्हणणं असं. चार लाखांना घेतलेली गाडी शोरूमने स्वतःच्या खिशातल्या पैशाने घेतलेली नसते, बँकेच्या पैशाने घेतलेली असते. बारा टक्के व्याज धरलं आणि गाडी दोन महिने उभी राहिली, तर आठ हजारांच्या आसपास नुसतं व्याज. यार्डाचं भाडं, रात्रीचा राखणदार, रोजचं धुणं, उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी वेगळी. बैल उभा राहिला तर चारा खातो हे म्हाताऱ्यांना माहीत होतं. उभी गाडीही खाते हे ऐकून ते जरा गप्प झाले. त्यात डिसेंबर सर्वांत वाईट. ३१ डिसेंबरच्या रात्री गाडी कव्हर घालून ठेवली, तरी १ जानेवारीच्या सकाळी ती एक वर्षाने म्हातारी होऊन उठते, कारण गिऱ्हाईक महिना बघत नाही, साल बघतं.

मग तपासणी. मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूच्या जाहिरातीत ३७६ जागा तपासल्याचं लिहिलेलं असतं, स्पिनीच्या जाहिरातीत २००. जाणकाराला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते गाडीत एवढ्या जागाच नसतात. भाच्याने मग काही जागा सांगितल्या. रंगाची जाडी मोजायचं एक यंत्र असतं, ते प्रत्येक पत्र्यावर टेकवतात. कारखान्यातला मूळ रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा. खाली पुट्टी भरून पुन्हा रंगवलेला असला की आकडा उडी मारतो, आणि 'साधी घासली होती' म्हणणारा मालक खाली बघायला लागतो. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा बघतात. सगळ्या काचा एकाच सालच्या आहेत का बघतात. मॅट उचलून खालची माती बघतात: तांबडी असेल तर गाडी कोकणात राहिलेली, म्हणजे पत्रा खालून गंजला असणार, काळी असेल तर आपल्याकडची.

आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतात. हे कशाला, असं सगळ्यांनी एकदम विचारलं. पुरात बुडालेल्या गाडीची सीट बदलतात, मॅट बदलतात, आत अत्तर मारतात; पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ तशीच राहते. तिथपर्यंत कुणाचा हात जात नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला, त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातून स्वस्तात येणारी प्रत्येक गाडी दिसली की आधी पट्टा ओढायचा, असं त्याला धंद्यातल्या जुन्या माणसांनी शिकवलं होतं. हे ऐकल्यावर मेकॅनिक पहिल्यांदा बोलला. "बरोबर आहे," म्हणाला. समितीच्या इतिहासात हे मोठंच प्रमाणपत्र.

डॉक्टरांचा विषय मी काढला, कारण तो माझा जुना संशय आहे. महाराष्ट्रात विकायला निघालेल्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याचशा डॉक्टरच्या असतात. एकहाती, सिंगल ओनर, फक्त घर ते दवाखाना. मी ओळखतो त्या बहुतेक डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे गाडी चालवायची तर जिन्यावरून न्यावी लागेल. भाचा हसला. म्हणाला, मीटर मागे घेतलेली गाडी कुणाची तरी सांगायला लागतेच, आणि शिक्षकाची म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं, मग शाळेच्या ट्रिपा झाल्या असतील. मीटर खरं की खोटं ते कसं ओळखायचं? सर्व्हिसिंगच्या जुन्या नोंदी काढून. आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर बघून. चाळीस हजार किलोमीटरच्या गाडीचं रबर गुळगुळीत असेल, तर डॉक्टरसाहेब दवाखान्याला काशीमार्गे जात असले पाहिजेत.

घेतल्यावर दुरुस्ती. चार टायर म्हणजे अठरा-वीस हजार. बॅटरी. बंपरचा ओरखडा. क्लच जड असेल तर तो. दुसरी चावी. ही दुसरी चावी म्हणजे भारतीय संसारातलं एक गूढच आहे. प्रत्येक विकणारा सांगतो, "घरी आहे, पाठवतो", आणि ती जगाच्या अंतापर्यंत घरीच राहते. चिप असलेली नवी करायला काही हजार लागतात. आतली धुलाई वेगळी. आपल्याकडच्या गाडीत मागच्या काचेच्या पट्टीत सुपारीचे तुकडे निघतात आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला तांबड्या ओघळाच्या खुणा. त्या रबिंगने जातात, भाचा म्हणाला, पण पोरगं घासताना शिव्या देतं, आणि शिव्यांचं बिल आम्ही लावत नाही.

याशिवाय न घेतलेल्या गाड्या. पाच गाड्या बघाव्यात तेव्हा एक जमते; बाकीच्या चारांचं पेट्रोल आणि बघणाऱ्या माणसाचा पगार त्या एकीच्या डोक्यावर बसतो. आणि सर्वांत शेवटी भीती. वर्षाच्या वॉरंटीत एखाद्या गाडीचा गिअरबॉक्स जाणारच असतो, फक्त कुठल्या गाडीचा ते देवाला माहीत. म्हणून सगळ्याच गाड्यांवर थोडी थोडी भीती लावून ठेवतात. ज्याचा गिअरबॉक्स चांगला राहिला, त्याने ज्याचा गेला त्याची भरपाई आधीच केलेली असते. भिशीत पैसे भरायचे आणि आपला नंबर लागू नये म्हणून देवाला नारळ कबूल करायचा, असला हा व्यवहार.

कराचं ऐकून तर समितीने सरकारलाच जास्त दिले म्हणून जाहीर केलं. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५वी बैठक झाली. त्या बैठकीची आठवण देशाला पॉपकॉर्नसाठी आहे: साध्या खारट पॉपकॉर्नला एक कर, पाकवलेल्याला दुसरा, यावर आठवडाभर विनोद चालले. त्याच बैठकीत जुन्या गाड्यांचा कर सगळ्यांसाठी १८ टक्के झाला. आधी लहान गाड्यांना १२ होता. मोबाईलवर तेव्हा धूम उठली की बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकली तर तीन लाखांच्या तोट्यावरही कर भरायचा. तसं नाही. कर धंदेवाल्याने भरायचा, तोही खरेदी-विक्रीतल्या फरकावर, आणि फरक तोट्याचा असेल तर काहीच नाही. घरगुती माणसाने आपली गाडी विकली तर त्याला हे लागूच नाही. पण शोरूमला लागू आहे. नव्वद हजारांच्या फरकावर १८ टक्के म्हणजे १६ हजार २००. आणि गंमत अशी की फरक म्हणजे नुसती विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत. मधे टायरला गेलेले वीस हजार त्यातून वजा होत नाहीत. टायर तू घातलेस ते तुझं कौतुक, कर मात्र पूर्ण फरकावर.

तेवढ्यात २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. घटस्थापना होती. त्या दिवसापासून नव्या लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि अल्टोसारख्या गाड्यांच्या किमती झपकन उतरल्या. देशभर पेढे. भाच्याच्या यार्डात सुतक. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप स्वस्त होते. श्रावणात चढ्या भावाने घेतलेल्या गाड्या धुऊन, पुसून, सर्टिफिकेट लावून उभ्या होत्या आणि उभ्या जागी त्यांचा भाव पडला. "त्या महिन्यात आम्ही काही गाड्या पदरचे घालून विकल्या," भाचा म्हणाला. जाणकाराने विचारलं, तेव्हा आम्हाला का नाही बोलावलं.

एवढं ऐकून मला भाच्याच्या मालकाची दया येणार होती, पण मी मास्तरकीत आयुष्य काढलंय. पोरगं फक्त खर्च सांगायला लागलं की जमेचा रकाना मागायचा. तो त्याने सांगितला, हे त्याचं चांगलं. गिऱ्हाईकाने कर्ज काढलं की कर्ज देणारी कंपनी शोरूमला काहीतरी देते; आणि जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढाच असतो. विमा उतरवला की त्यातही थोडं. नव्या गाडीच्या बदल्यात जुनी घेताना तर खरी कमाई. तेव्हा शोरूमच्या माणसाला प्रत्येक ओरखडा दिसतो, तो खिन्न होतो, मान हलवतो. तीच गाडी विकताना तोच ओरखडा 'किरकोळ' होतो. जी गाडी फार जुनी किंवा फार ठोकलेली असते ती सर्टिफाइडच्या रांगेत बसत नाही. ती लॉटमध्ये दलालांना जाते, आणि जिल्ह्याच्या चौकात डॉक्टरची म्हणून पुन्हा उभी राहते. म्हणजे समितीचा राग अगदीच अस्थानी नाही. नव्वद हजारांतला काही भाग खर्च आहे, काही नफा आहे, आणि कुठला किती हे भाचासुद्धा सांगेना. "मामा, नोकरी आहे माझी."

एक गोष्ट मात्र त्याने आवाज खाली आणून सांगितली. सर्टिफाइड हा काही सरकारी शिक्का नव्हे. कंपनीने आपल्या नावावर दिलेला शब्द आहे. चौकातला दलालही उद्या फळ्यावर तो शब्द रंगवू शकतो, त्याला कोणी धरत नाही. म्हणून शब्द बघायचा नाही, तक्ता मागायचा. आणि वॉरंटीच्या कार्डात काय आहे त्यापेक्षा काय नाही ते वाचायचं. इंजिन, गिअरबॉक्स असतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बल्ब बहुधा नसतात. उंदराने वायर कुरतडली तर तीही नाही. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावणाऱ्या आमच्या गावाच्या दृष्टीने हे कलम सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं ते सर्वांत बारीक अक्षरात होतं.

जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. म्हणणं साधं होतं. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत, घेणाऱ्याला नाहीत. म्हणून घेणारा भीतीपोटी सगळ्यांनाच कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात हळूहळू खराब गाड्याच उरतात. तो निबंध तीन नियतकालिकांनी परत केला, त्यातल्या दोघांनी विषय क्षुल्लक आहे म्हणून. चौथ्याने छापला, आणि २००१ मध्ये त्या माणसाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मारुतीने जुन्या गाड्यांसाठी ट्रू व्हॅल्यूची दुकानं उघडली तीही २००१ मध्येच. हे मी समितीला सांगितलं. ज्येष्ठ सदस्य म्हणाले, यात त्याने नवीन काय सांगितलं? दोन नियतकालिकांच्या संपादकांची आणि आमच्या समितीची मतं इतकी जुळतील असं मला वाटलं नव्हतं.

पण माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. बैलाची वॉरंटी फुकट होती हे खरं का? गल्लीतच एक उदाहरण आहे. एकाने साडूकडून गाडी घेतली. घरातला व्यवहार, कागदाचे नव्वद हजार वाचले, शिवाय साडू म्हणजे अर्धा भाऊ. तिसरा गिअर महिन्याभरात सुटायला लागला. आता सांगणार कुणाला? बायकोला सांगितलं तर ती बहिणीची बाजू घेणार. साडूला सांगितलं तर तो पैसे परत करील, आणि मग दोन घरांत पिढीभर अबोला. पुढच्या लग्नात साडूने चारचौघांत विचारलं, "काय, गाडी कशी काय?" हा म्हणाला, "एक नंबर!" मी शेजारीच होतो. हे दोन शब्द उच्चारताना माणसाला किती पडतं ते मी पाहिलं आहे. आजही तो दुसऱ्यावरून थेट चौथा टाकतो, आणि साडू बरोबर असेल तर तिसऱ्यावरच चालवतो, हाताने दांडा धरून.

ओळखीतल्या व्यवहारात कागदही राहून जातात. 'नाव करून घेऊ सावकाश.' आरसीवर बँकेचा बोजा तसाच. सातबाऱ्यावरचा बोजा डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस आरसी उलटूनही बघत नाही. दंडाची चलनं जुन्या मालकाच्या मोबाईलवर येत राहतात. कायदा विकणाऱ्यालाही, राज्यातल्या राज्यात गाडी गेली तर, १४ दिवसांत आरटीओला कळवायला सांगतो, कळवतं कोण? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की अपघात झाला तर भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे. त्या खटल्यातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी केव्हाच पुढे गेली होती, नोंदीत मात्र पहिलाच मालक होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले: जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून परवाना घ्यायचा, गाडी ताब्यात आली की तसं कळवायचं, आणि ती त्याच्याकडे आहे तोवर जबाबदारी त्याची. म्हणजे कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी खणात घातल्यासारखी ठेवायची, तो जुना जमाना कागदावर तरी संपला. शिवाय २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट लावलेली पाहिजे. तिची मुदत राज्यात इतक्यांदा वाढली की लोकांनी ती सणासारखी धरली, दरवर्षी येते म्हणून. ही सगळी धावपळही भाच्याच्या खर्चाच्या यादीत होती. आरटीओची फी त्यात सर्वांत छोटी. फाईल तिथपर्यंत चालत नेणाऱ्या माणसाची चहा-पाण्यासकट मजुरी त्याहून मोठी.

तेव्हा मला वाटतं, आमच्या स्विफ्टवाल्याने नव्वद हजारांत जे घेतलं, त्याचं नाव त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. त्याने भांडायचा हक्क घेतला. साडूशी भांडता येत नाही, चार कोसांवरच्या बैलवाल्याशीही शेवटी जपूनच भांडावं लागायचं, कारण त्याच्याच भावकीत सोयरीक जुळायची असायची. शोरूमशी काही नातं नाही. तिथे तोंड भरून बोलता येतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या लग्नात समोर यायची भीती नाही. एवढ्यासाठी नव्वद हजार जास्त की कमी, हे ज्याच्या त्याच्या साडूवर अवलंबून आहे.

या हक्काची वेळ लवकरच आली. स्विफ्टचा एसी लावला की डॅशबोर्डमागे टकटक व्हायला लागली. मालक दोन दिवस तयारी करत होता. समितीने मुद्दे काढून दिले. जाणकाराने ग्राहक मंचाचा उल्लेख कुठल्या वाक्यात करायचा ते सांगितलं. मेकॅनिकने दोन इंग्रजी शब्द शिकवले. हॉटेलसमोर फोन स्पीकरवर लावला, आजूबाजूला शांतता झाली. पलीकडून एका मुलीने नाव आणि गाडीचा नंबर विचारला आणि म्हणाली, "काका, शनिवारी घेऊन या, वॉरंटीत आहे, बघून देऊ." फोन संपला. एवढ्यासाठी जमलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

शनिवारी तो गेला. त्यांनी पंख्यात अडकलेलं एक सुकलेलं पान काढून दाखवलं, गाडी धुऊन दिली, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. ग्राहक मंचाचं वाक्य खिशातल्या खिशात घरी आलं. तेव्हापासून तो जरा उदास असतो. संध्याकाळी सेलूच्या रस्त्याला एकटाच गाडी काढतो, काचा बंद, एसी बंद, रेडिओ बंद, आणि कान देऊन चालवतो. वॉरंटीचे अजून सात महिने आहेत.